कंगव्याला इंग्रजीत काय म्हणावं

४ जानेवारी, रविवार

माझं आयुष्य आज दुपारी तळोज्याच्या लग्नाच्या हॉलबाहेर बदललं. नेमकं कधी तेही सांगतो: पार्किंगवाल्याची कॉलर माझ्या हातात होती तेव्हा.

मामूंच्या मुलीचं, इक्राबाजीचं लग्न. माझ्या बाईकच्या मागे पार्किंगवाल्याने इनोव्हा लावून दिली आणि वर मलाच म्हणतो, "घाई कशाला, आधी जेवून घे." सल्ला चांगला होता, टोन चांगला नव्हता. मी कॉलर धरली. तेवढ्यात मागून नबीलाचा आवाज आला.

"रमीज, यू आर सो इम्पेच्युअस."

मी कॉलर सोडली, मागे वळलो आणि म्हणालो, "थँक यू."

ती हसली. तिच्या बाजूला दोहाहून सुट्टीवर आलेला तौहीद उभा होता. तोही हसला. पार्किंगवालापण हसला, त्याला काय कळलं देव जाणे. मी वॉशबेसिनपाशी जाऊन मोबाईलमध्ये अर्थ बघितला. उतावळा. अविचारी. मागचापुढचा विचार न करता उडी घेणारा. हे वाचून माझं डोकं असं सटकलं की मी तसाच जाब विचारायला पंगतीत घुसलो. नबीला जेवायला बसत होती. बाजूच्या खुर्चीवर तिने पर्स ठेवली होती. मला बघून तिने पर्स उचलली. मी बसलो नाही. तिचे शब्द ज्याला कळत नाहीत, त्याने कोणत्या तोंडाने तिच्या बाजूला बसायचं? उभ्यानेच बिर्याणी खाल्ली.

ही तीच नबीला, पनवेलला आमच्याच बिल्डिंगमध्ये वाढलेली. दहावीपर्यंत दोघं एकाच मराठी शाळेत. मग ती इंजिनीअर झाली आणि महाप्याच्या आयटी पार्कात लागली. मीपण इंजिनीअरिंगलाच होतो. दुसऱ्या वर्षाला सर भर वर्गात म्हणाले, "तुझ्याच्याने होणार नाही." मी म्हटलं, "नाही तर नाही," आणि दप्तर उचललं. आता मी मामूंच्या क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात आहे. न्हावा शेवा बंदरात लोकांचा माल उतरतो, त्याची कस्टमची कागदपत्रं आम्ही करतो.

ठरलं. रमजान लागायच्या आत माझी इंग्रजी अशी करीन, की माझं बोलणं ऐकून तौहीदला मोबाईल काढावा लागेल.

६ जानेवारी

वाशीच्या फुटपाथवरून जुनं पुस्तक आणलं. हायर व्होकॅब्युलरी, विटेएवढं जाड. आधीच्या मालकाने पेन्सिलीने खुणा केल्यात, त्या सी अक्षराच्या मध्यात बंद पडतात. बिचारा. मी झेडपर्यंत जाणार.

पुस्तकाचे दोन नियम. एक, शिकलेला शब्द त्याच दिवशी वापरायचा. दोन, एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरणं हे दरिद्री लेखणीचं लक्षण.

मधलंच पान उघडून लगेच सुरुवात केली: ऑब्ड्युरेट, म्हणजे कठोर. मटणवाल्याला म्हटलं, "आज मटण जरा टफ आहे, आय मीन, ऑब्ड्युरेट." तो म्हणाला, "खिम्याचं करून देऊ काय?"

११ जानेवारी

घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. आरशावर, फ्रिजवर, पाण्याच्या फिल्टरवर. अम्मी सकाळी फ्रिजसमोर उभी.

"हे काय लावलंस? फ्रिज विकायला काढलास?"

"शब्द आहेत, अम्मी."

"मग डोक्याला लाव ना. माझ्या फ्रिजला काय परीक्षा द्यायचीय?"

संध्याकाळी शेजारच्या खालाने फिल्टरवरची चिठ्ठी बघितली आणि विचारलं, पाणी बिघडलंय का. तिला मॅग्नॅनिमसचा अर्थ, मोठ्या मनाचा, समजावून सांगितला. ती आमच्याकडे पाणी न पिताच गेली.

१३ जानेवारी

नबीलाला मेसेज टाकला. पुढचं एस अक्षर चाळून तासभर लागला लिहायला. 'सॅल्यूटेशन्स. आय ट्रस्ट युअर फोरनून इज सॅल्युब्रियस.' म्हणजे, नमस्कार, तुझी सकाळ आरोग्यदायी जात असेल अशी आशा करतो.

तिचं उत्तर लगेच आलं: 'बरा आहेस ना? ताप आलाय का?'

काळजी! पहिल्याच मेसेजला काळजी! पुस्तक काम करतंय.

१७ जानेवारी

दिवसाला एक मेसेज टाकतोय. आज तिने उलटा फोन केला.

"रमीज, तुला मला काही सांगायचंय का?"

"मेनी थिंग्ज. मल्टिट्यूडिनस."

"मराठीत सांगितलंस तरी चालेल. खरं तर मराठीतच सांग."

माझा चेहरा पडला. मराठीत चालेल म्हणे. म्हणजे अजून माझ्या इंग्रजीवर तिचा भरवसा नाही. मी म्हटलं, थोडा धीर धर, मी एम अक्षरावर आहे. ती म्हणाली, "झेडपर्यंत किती दिवस लागतील?"

विचारलं तिने! स्वतःहून! मी म्हटलं, लवकरच. तिने एक मोठा उसासा टाकला. महाप्याला कामाचा ताण फार असतो.

१९ जानेवारी

वाईट बातमी. अम्मी भाकऱ्या थापता थापता सहज बोलून गेली: तौहीदच्या घरून नबीलासाठी पैगाम, लग्नाची मागणी गेलीय. हारुनचाचा, म्हणजे नबीलाचे अब्बा, रमजानच्या आधी उत्तर देणार आहेत.

मी विचारलं, "नबीला काय म्हणते?"

"मला काय माहीत? तुझी मैत्रीण आहे, तूच विचार."

"विचारायचं कसं?"

अम्मी परातीतून वर बघत म्हणाली, "तोंडाने."

तिला काय कळणार. तौहीद दोहाला एअरकंडिशन्ड ऑफिसात बसतो आणि प्रत्येक वाक्याला 'अ‍ॅक्च्युअली' लावतो. अशा माणसासमोर नुसतं तोंड घेऊन कसं जायचं? चिडून आज एन आणि ओ, दोन्ही संपवले.

२२ जानेवारी

नशीब उघडलं! हारुनचाचांचाच कंटेनर आलाय. पनवेलला त्यांचं बांगड्या, क्लिपा, कंगव्यांचं होलसेल दुकान आहे. ईदच्या सीझनसाठी चीनहून प्लास्टिकचे कंगवे मागवलेत. मामू इक्राबाजीच्या सासरी गेलेत, म्हणून फाईल माझ्याकडे. पहिल्यांदाच पूर्ण फाईल माझ्या एकट्याकडे.

बिल उघडलं आणि मान शरमेने खाली गेली. पाच प्रकारचे कंगवे, आणि पाचही ओळींत तेच: प्लास्टिक हेअर कोम. प्लास्टिक हेअर कोम. प्लास्टिक हेअर कोम. एवढा मोठा व्यापारी, नबीलाचा बाप, आणि लेखणी इतकी दरिद्री!

शेजारच्या टेबलावरच्या स्मिता मॅडम म्हणाल्या, "बिलात आहे तसंच उतरव रे."

मी म्हटलं, "मॅडम, उतरवणं हे कारकुनाचं काम."

"मग तू कोण आहेस?"

मी कस्टमच्या अर्जात पहिली ओळ ठेवली, प्लास्टिक हेअर कोम. दुसरी केली, ग्रूमिंग इम्प्लिमेंट. तिसरी, ट्रेस डिसेंटँगलर, म्हणजे बटांचा गुंता सोडवणारं. चौथी, कॉइफर अ‍ॅक्सेसरी, म्हणजे केशरचनेची वस्तू. पाचवीला तर मी स्वतःवरच खूश झालो: टूथ्ड पॉलिमर इन्स्ट्रुमेंट. दात असलेलं बहुवारिक उपकरण. वाचताना असं वाटतं की आत कंगवे नसून काहीतरी शोध आहे.

२३ जानेवारी

अर्ज भरण्याआधी त्याचा कच्चा मसुदा मालाच्या मालकाला पाठवायचा असतो. त्याने ओके म्हटलं की मगच पुढे. सकाळी हारुनचाचांना पाठवला. दुपारी त्यांचा फोन आला.

"रमीज, हे तू लिहिलंस?"

"हो चाचा."

"सगळं?"

"सगळं."

"माशाअल्लाह! अरे, हयात गेली माझी कंगवे विकण्यात. त्याला इतकी नावं आहेत हे मला आजवर कोणी सांगितलं नाही. अर्धं कळलं नाही, पण वाचायला भारी वाटलं. ओके, ओके, भर."

मागून नबीलाच्या अम्मीचा, खालाचा आवाज आला, "काय झालं?" चाचा तिला म्हणाले, "आपला रमीज शिकला गं!"

आपला रमीज! मी ऑफिसच्या गच्चीवर जाऊन दोन उड्या मारल्या. स्मिता मॅडमना पेढा दिला. त्यांनी घेतला, खाल्ला आणि म्हणाल्या, "मामूंना दाखवलंस का?" मामूंना कशाला त्रास? अर्ज भरून टाकला.

२७ जानेवारी

कंटेनर अडकला.

३० जानेवारी

लिहायचं धाडस आज झालं. कस्टमच्या साहेबांना बिलात एक प्रकारचा माल दिसला आणि अर्जात पाच प्रकारचा. त्यांनी लिहिलं, लपवलेला माल असण्याची शक्यता, एकूण एक खोका उघडून तपासा. मामू परत आले. त्यांनी अर्ज वाचला. एकदा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"रमीज, गाढवा, हे काय आहे?"

"समानार्थी शब्द."

"कस्टमच्या कागदावर एका वस्तूला दोन नावं म्हणजे दोन वस्तू. तू पाच केल्यास! लोक आयुष्यभर तेच तेच लिहितात ते काय येडे म्हणून?"

मला राग आला. म्हटलं, मग पुस्तकात असं का... मामू म्हणाले, पुस्तक लिहिणाऱ्याला सांग कंटेनर सोडवायला. मी चिडून पुस्तक टेबलावर आपटलं. स्मिता मॅडमचा चहा सांडला, थेट कस्टमच्या नोटिशीवर. मग त्यांनीच ती पंख्याखाली वाळत घातली. मला दोन शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज यार्डात तपासणी. सकाळपासून उन्हात उभा. माल न्यायला आलेला ट्रेलरचा ड्रायव्हर जोतीराम उरणकडचा. तो सावलीत बसून माझी मजा बघत होता.

पहिला खोका फोडला. कंगवे. दुसरा. कंगवे. साहेब कागद बघत म्हणाले, "ट्रेस डिसेंटँगलर कुठे आहे?"

मी कंगवा दाखवला.

"हा तर कंगवा आहे."

"हो साहेब."

"मग ग्रूमिंग इम्प्लिमेंट?"

मी दुसऱ्या रंगाचा कंगवा दाखवला. साहेबांनी तो उजेडात धरून फिरवला, वाकवून बघितला, वास घेतला. वापरून दाखवावा म्हटलं, पण साहेबांच्या डोक्यावर केस नव्हते आणि तेवढी अक्कल मला होती.

"आणि हे टूथ्ड इन्स्ट्रुमेंट? दाताच्या डॉक्टरांचं काही असेल तर वेगळं लायसन्स लागतं."

"साहेब, दात कंगव्याचे आहेत."

"मग कंगवा लिहायला काय झालं होतं?"

माझ्याकडे पीपर्यंतचे शब्द होते, त्यातला एकही त्या वेळी पुढे आला नाही. मजूर खोके फोडत राहिले. यार्डभर कंगव्यांचे ढीग झाले, गुलाबी, हिरवे, काळे. वारा आला की प्लास्टिकच्या पिशव्या उडायच्या आणि मी त्यांच्यामागे धावायचो.

जोतीराम शेवटी उठून आला. "अरे पोरा, मना सांग, यो सगला कंगवाच हाय ना?"

"हो ना काका."

"मंग साहेबाला सांग ना तसा. कवाधरनं काय गप उभा हायस?"

मी त्याच्यावरही ओरडलो. त्याने खिशातून चिक्की काढून मला दिली आणि परत सावलीत जाऊन बसला. चिक्की खाल्ली. भूक लागली होती.

३ फेब्रुवारी

हारुनचाचा भडकलेत. यार्डाचं भाडं रोज चढतंय, दुकानं माल मागतायत. मामूंना फोनवर म्हणाले, त्या पोराला माझ्यासमोर आणू नका.

संध्याकाळी नबीलाचा फोन.

"रमीज, नीट ऐक. रविवारी तौहीद आणि त्याची आई येणार आहेत. उत्तर घ्यायला. अब्बा मला विचारतायत. मी काय सांगू?"

हाच तो क्षण, आणि इथे साधा, घिसापिटा शब्द चालणार नव्हता. मी म्हटलं, "थांब. मला नेमका शब्द सापडू दे."

"शब्द नकोय मला. हो की नाही, एवढं सांग."

"एकच मिनिट."

पुस्तक दुसऱ्या खोलीत होतं. धावत जाऊन आणलं, डी उघडला, डिव्होशन, डिव्हाउट... परत फोन कानाला लावला तर तिने ठेवून दिला होता.

पुन्हा फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. मग मेसेज आला: 'यार्डात आहेस की घरी? जेवलास का?'

बघा. एवढ्या महत्त्वाच्या विषयावरून थेट जेवणावर. संपलं सगळं. तिने तौहीदचं ठरवलेलं दिसतंय. मी उत्तर दिलं नाही.

४ फेब्रुवारी

काही नाही. दिवसभर मामूंची बोलणी.

५ फेब्रुवारी

मामूंनी समोर कोरा कागद ठेवला. "चूक झाली म्हणून साहेबांना अर्ज लिही. सगळा माल प्लास्टिकचे कंगवे आहेत. बास. एक शब्द इकडचा तिकडे केलास तर इक्राच्या लग्नातली उरलेली भांडी घासायला पाठवीन."

लिहायला बसलो. हात वळेना. दुसऱ्या ओळीला पुन्हा 'कोम' लिहिताना असं वाटलं, माझ्याकडे कोणीतरी बघतंय आणि हसतंय. तिसऱ्या ओळीला जरा सैल झालो. पाचव्या ओळीपर्यंत काहीच वाटेनासं झालं. कागद मामूंना दिला. ते वाचून म्हणाले, "आता कसं माणसाने लिहिल्यासारखं वाटतंय."

साहेबांनी दंड लावला, वर माझ्याकडे बघून मान हलवली आणि शिक्का मारला. मामू दंडाचं बोलायला लागले तेव्हा मी म्हटलं, माझ्या पगारातून कापा. ते म्हणाले, "ते न सांगता कापणारच होतो."

६ फेब्रुवारी

कंटेनर सुटला. जोतीरामने माल पनवेलला पोचवला. मी त्याच्यासोबत केबिनमध्ये बसून गेलो, खोके स्वतः उतरवले. हारुनचाचा गल्ल्यावर बसून बघत होते. मी नजर वर केली नाही. शेवटचा खोका ठेवल्यावर ते नोकराला म्हणाले, "त्याला पाणी दे." माझं नाव घेणंही नको झालं असेल.

परत येताना जोतीरामला सगळं सांगितलं. नबीला, तौहीद, रविवार, सगळं. तो म्हणाला, "तू तिला इचारलास?"

"ती सांगेल ना काय ते."

"ती कवाधरनं इचारतेय असं दिसतंय मना." मग गिअर टाकला आणि रस्त्याकडे बघत राहिला. ड्रायव्हर लोकांना प्रेमातलं काही कळत नाही. पण तेव्हापासून तेच वाक्य डोक्यात फिरतंय.

८ फेब्रुवारी, रविवार

हे नबीलाच्या नव्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये, बाईकवर बसून लिहितोय. फोन बंद केलाय. नीट लिहून काढलं नाही तर डोकं फुटेल.

दुपारी अम्मीला सांगितलं, मी हारुनचाचांकडे जातोय. ती म्हणाली, "थांब, साडी बदलते. अशा कामाला पोरगा एकटा जातो का? मोठी माणसं जातात." मी थांबलो नाही. तौहीद चार वाजता येणार होता आणि चार वाजून गेले होते.

खालाने आत घेतलं. हॉलमध्ये तौहीद आणि त्याची आई बसले होते. तौहीदच्या आईने पर्स मांडीवर घेतली होती. नबीला स्वयंपाकघराच्या कोपऱ्याशी उभी होती, डोळे लाल.

हारुनचाचा म्हणाले, "ये. तुझंच बोलणं चाललं होतं."

म्हणजे माझी निंदा चालली होती. मी उभ्याउभ्याच सगळं एकदम बोलून टाकलं. मराठीत, कारण दुसरं काही सुचेचना. "चाचा, कंटेनरचं माझं चुकलं. मला नबीलाशी लग्न करायचंय. लहानपणापासून करायचंय. जूनमध्ये कॉलेजला परत जातो, मामूंकडचं कामपण सोडत नाही. तुम्ही हाकलणार असाल तर हाकला, पण मी विचारलंच नव्हतं असं नंतर कोणी म्हणू नये."

नबीला रडायला लागली. रडता रडता हसतही होती, म्हणजे मी तिला किती अवघडून टाकलं असेल.

चाचा म्हणाले, "चूक माझीपण आहे. ओके मी दिलं होतं." मग तौहीदच्या आईकडे वळले. "बघा, मघाशी म्हटलं ना तुम्हाला."

त्या उठल्या. "आता आम्ही काय बोलणार? मुलीचीच मर्जी. निघतो आम्ही."

"अहो, तोंड गोड करून तरी जा," खाला म्हणाली, आणि आतून पेढ्यांची बशी आणली. गडबडीत ती माझ्यासमोर ठेवली. इतक्या लोकांत चुकून माझ्यासमोर! मी ती तौहीदकडे सरकवली. त्याने ती माझ्याकडे परत सरकवली. मी पुन्हा त्याच्याकडे. चाचांनी कपाळाला हात लावला.

तौहीद उभा राहिला, हात पुढे केला आणि म्हणाला, "अ‍ॅक्च्युअली, काँग्रॅट्स, भाई."

टोमणा! जिंकलेल्या माणसाने हरलेल्याला, त्याच्या तोंडावर, मोठ्या माणसांसमोर मारलेला टोमणा! ह्या शब्दाला तर मला पुस्तकाचीही गरज नव्हती. माझं डोकं सणकलं. नबीलासमोर मारामारी करायची नव्हती, म्हणून मी फक्त त्याचा हात बाजूला केला आणि बूट घालायला लागलो.

"अरे, कुठे चाललास?" चाचा म्हणाले. "बस. अम्मीला फोन लाव, बोलावून घे."

माझी तक्रार आता अम्मीकडेपण करणार होते.

"रमीज, मूर्खा, बस ना!" नबीला पुढे आली. "ती बशी..."

"तौहीदला दे," मी म्हटलं, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.